शेंदराखालचा जोड

शत्रुघ्न मेस्त्री दूध उकळायच्या आधी वास घ्यायचा, उकळल्यावर वास घ्यायचा, आणि चहा कपात ओतला की पुन्हा एकदा नाक खाली न्यायचा. कुवेतात, फहाहीलच्या बाजारात खुबूस, म्हणजे तिथली रोटी, घेताना वरचा उचलायचा नाही, कारण वरचा शिळा असतो. खालचा उचलायचा नाही, कारण तो त्याहून शिळा. मधला ओढून काढायचा. मधला काढणारीही गिऱ्हाइकं असतात हे दुकानदाराला ठाऊक असणार, तेव्हा त्यानं मधे काय घालून ठेवलं असेल, हाही संशय मनात असायचाच. पण खायचं तर काहीतरी लागतंच ना माणसाला!

तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, असं म्हणतात. शत्रुघ्नचं तोंड कुठल्या दुधानं पोळलं होतं ते कुणालाच माहीत नव्हतं. कामगारांच्या कॅम्पातले लोक म्हणायचे, हा जन्मला तेव्हा यानं आधी सुईणीकडेच वाकड्या नजरेनं बघितलं असणार. देवाधर्मातही सूट नव्हती. गावाहून आलेल्या कुणी प्रसादाचं खोबरं हातावर ठेवलं, तर हा विचारायचा, "कुठल्या देवळातलं? किती दिवस झाले?" आणि मग तुकडा नखानं खरवडून तोंडात टाकायचा. अशा माणसाबरोबर एका खोलीत राहणं म्हणजे पोलिस चौकीत बिऱ्हाड केल्यासारखं.

तो कुडाळकडचा. घर लोहारकामाचं, आजोबांची भट्टी गावात नावाजलेली. शहात्तर साली तो वेल्डर म्हणून कुवेतला आला आणि फहाहीलच्या पुढे, तेलाच्या कामांना गाड्या पुरवणाऱ्या एका यार्डात चिकटला. हातात कला होती, तोंडात गोडवा नव्हता. यार्डात अशा माणसाला सहसा कुणी वर चढवत नाही. पण त्याचा हा संशयी स्वभावच एके दिवशी त्याला मान देऊन गेला, त्याला कारण झाली गाड्यांची ओढ.

ही ओढ म्हणजे शर्यतच, पण धावायची नव्हे. टेक्सासकडचा एक गोरा सुपरिंटेंडंट होता, त्यानं हा खेळ आपल्या मुलखातून आणला. थंडीत एका शुक्रवारी सगळ्या यार्डांनी आपापली एक गाडी वाळवंटातल्या सपाट पट्ट्यावर आणायची. तिच्या मागे साखळीनं लोखंडी घसरगाडा जोडायचा. त्या घसरगाड्यावर वजनाची पेटी असायची आणि गाडी पुढे जाईल तशी ती पेटीही पुढे सरकायची, म्हणजे जसजसं ओढाल तसतसं ओझं वाढणार. जो सगळ्यांत लांब ओढेल तो जिंकला. बक्षीस म्हणून एक पितळी हूक मिळायचा. पण वर्षभर आपल्या यार्डाच्या फाटकावर तो टांगायला मिळावा म्हणून माणसं जिवाचं रान करत.

या खेळात सगळी लबाडी गाडीच्या मागच्या हुकात. हूक वर-खाली हलता ठेवला, तर वजन येताच तो सोयीच्या उंचीवर जातो. म्हणून साहेबानं प्लायवूडच्या मोठ्या फळीवर नियम रंगवून मैदानात उभे केले होते. हूक चेसीला घट्ट हवा, हलता नको. जमिनीपासून ठरल्या उंचीच्या वर नको. हुकाला मजबुतीसाठी आधाराच्या पट्ट्या लावायच्या तर लावा, पण त्या मागच्या एक्सलच्या पुढे न्यायच्या नाहीत. पट्टी कोऱ्या लोखंडाची हवी, मोडीतली नको. आणि शेवटचा नियम असा, की पट्टीच्या जोडावर रंग नको, ग्रीस नको. जोड उघडा दिसला पाहिजे. काही फासलेलं असलं, तर तपासणाऱ्यानं ते पुसायचं आणि हातोडीनं वाजवून बघायचं. चांगला जोड खणखणतो. तडकलेला जोड, बाजारात तडा गेलेलं मडकं वाजतं ना, तसा भद्द वाजतो.

दुसऱ्या वर्षीच एका यार्डानं हुकाच्या आत चोरबिजागर बसवलं. साहेबानं गाडी पास केली होती. शत्रुघ्न नुसता बघायला उभा होता. त्याच्या मनात पाल चुकचुकली. तो न विचारता खाली शिरला, एक टोला हाणला आणि म्हणाला, "आत पोकळ आहे." फोडून बघितलं तर पोकळच! साहेबानं आपली हातोडी तिथल्या तिथे त्याच्या हातात दिली. तेव्हापासून दर थंडीत सगळ्या गाड्यांचे हूक शत्रुघ्न तपासायचा. तो कुणाचाच नव्हता, म्हणून सगळ्यांना चालायचा.

त्र्याऐंशीच्या थंडीत मात्र एक भानगड होऊन बसली. घरून कॅसेट आली.

तेव्हा कुवेतची निम्मी माणसं पत्र लिहायच्या भानगडीत पडत नसत. टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलायचं आणि गावी जाणाऱ्याच्या हातात कॅसेट द्यायची. आईचा आवाज आला, मागे कोंबड्या, आणि मधेच कुणाला तरी 'हाड' म्हणाली ती. मग म्हणाली, "शत्रू, पांचाळांकडसून आमच्या नर्मदेक मागणी इली हा. झील तुझ्याच खोलयेत रवता म्हणतत, लवू. तुझो बापूस आसतो तर तेना बघला आसता. आता तूच बघ. माणूस बरो आसा मां, तेवढा सांग."

लवू पांचाळ देवगडकडचा, घर लोहाराचंच. वेल्डरच, पण शेजारच्या यार्डातला. कॅम्प सगळ्यांचा एकच असल्यामुळे राहायला शत्रुघ्नच्या खोलीत. हसरा, भजनात झांजा वाजवणारा, कुणी आजारी पडला तर त्याच्या वाटणीचा स्वयंपाक न सांगता करून टाकणारा. लवू आवडत नाही असा माणूस कॅम्पात नव्हता. आणि सगळ्यांना आवडणाऱ्या माणसाचा तर शत्रुघ्नला खास संशय. एवढं गोड राहायची माणसाला गरज काय?

नर्मदा त्याची एकुलती धाकटी बहीण. बाप गेला तेव्हा ती त्याच्या कडेवर होती. जगात एका तिच्यावर त्यानं कधी संशय घेतला नव्हता, म्हणून तिच्या वाटेला येणाऱ्या माणसावर त्यानं दुप्पट घेतला. त्यानं उलट कॅसेट पाठवली, "शर्यत होऊं दे. मगे सांगतंय." त्याचं गणित सरळ होतं. लवूच्या यार्डाच्या गाडीचा हूक लवूच बनवणार. माणूस बोलण्यात लबाडी लपवील, जेवणात लपवील, पण जोडात नाही लपवता येत. लवूचा जोड स्वच्छ निघाला, तर नर्मदा त्याची. जोडात चोरी निघाली, तर मागणी परत.

आणि मग सुरू झाली हेरगिरी. लवूनं चहा करून दिला, की शत्रुघ्न मनात म्हणायचा, लोणी लावतोय. लवूनं चहा दिला नाही, की म्हणायचा, बघा, आत्तापासूनच मस्ती. बिचाऱ्याला धड उठता येईना, धड बसता येईना.

लवूच्या यार्डाचा फोरमन विजय. परळचा, पिळदार मिशांचा, बोलायला फटकळ. दोन वर्षं त्याची निळी गाडी हरली होती. 'यंदा हरलो तर मिशी उतरवीन', असं त्यानं भर कँटीनमध्ये सांगून ठेवलं होतं. अशा माणसाच्या हाताखालचा वेल्डर काय काय करील, या विचारानं शत्रुघ्न जेवताना घास हातातच धरून बसायचा.

शर्यतीच्या आठवड्यात लवू बदलला. पहिल्यांदा त्याचं हसणं बंद झालं. मग जेवण. ताटातला भात तसाच ठेवून उठायला लागला. शत्रुघ्ननं डोळ्यांत तेल घालून सगळं टिपलं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मंगळवारी संध्याकाळी लवू त्याच्या खाटेजवळ येऊन उभा राहिला.

"शत्रू, तुका एक सांगूचा होता."

"कसला?"

"हुकाचा."

शत्रुघ्न ताडकन उठून बसला. "एक अक्षर बोलू नको! आज तू सांगशीत, उद्या लोक म्हणतले मेवण्यान मेवण्याक पास केल्यान. पुढे बोललंस, तर तुमची गाडी हयसूनच बाद."

"अरे, पण आयकान तरी घे..."

"बाद म्हटला मां!"

लवू आपल्या खाटेवर जाऊन पडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, नुसतं "शत्रू" म्हणाला, तर शत्रुघ्ननं गादीची वळकटी केली आणि शेजारच्या खोलीत जाऊन पथारी टाकली. आपण फार मोठं न्यायाचं काम केलं असं त्याला वाटलं. आता मला विचाराल, तर न्याय आणि हेकटपणा यांच्यात एका भिंतीचंच अंतर असतं, आणि शत्रुघ्न त्या दिवशी भिंत ओलांडून पलीकडे झोपायला गेला होता.

गुरुवारी संध्याकाळी त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली. लवू कामावरून परस्पर हवल्लीला गेला. फहाहीलहून हवल्ली म्हणजे बस बदलून जायचं, कामाच्या दिवशी कुणी हौसेनं जात नाही. परत आला तेव्हा सदऱ्याखाली कागदाची पुडी होती, आणि शत्रुघ्न दारात दिसताच त्यानं तिच्यावर हात दाबला. पुडीत काय असेल? फटीत भरायचा कसला मसाला? लोखंडासारखा दिसणारा रंग? शत्रुघ्न त्या रात्री या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. 'आये, तुझो जावय चोर आसा', हे कॅसेटमध्ये कसं सांगायचं, ते वाक्यही त्यानं जुळवून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी धुकं होतं. ते उठलं तशी सगळ्या यार्डांची माणसं मैदानात जमली. पठाण, मल्याळी, इजिप्तचे मिसरी, आपले कोकणी. गाड्या ओळीनं उभ्या. शत्रुघ्न एकेका गाडीखाली शिरत होता, फडक्यानं जोड पुसत होता, वाजवत होता. एका हुकावर ग्रीसचं बोट लागलेलं होतं, ते त्यानं रॉकेल मागवून धुतलं. दुसऱ्याच्या पट्टीवर चिखल उडालेला, तोही खरवडला. माणसं हसत होती, "मेस्त्री, साबण पण आणू का?"

शेवटी निळी गाडी. विजय मिशीवर हात फिरवत उभा, शेजारी लवू. लवूचे डोळे लाल होते. शत्रुघ्ननं दोघांकडे बघितलंच नाही. गोणपाट टाकलं आणि उताणा होऊन खाली सरकला.

चोरी कुठे असेल हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं: एक्सलच्या पुढे. पट्टी चोरून पुढे नेलेली असणार. त्यानं बॅटरी मारून इंच न् इंच बघितला. काही नाही. हूक दोन्ही हातांनी हलवला. पहाडासारखा घट्ट. उंची मोजली. बरोबर. डाव्या पट्टीचे जोड वाजवले. खण, खण. मग उजव्या पट्टीकडे वळला आणि त्याचा हात थांबला.

जोडावर शेंदूर होता.

अंगठ्यानं लावलेला, ताजा, ठसठशीत, आणि त्यात दोन तांदळाचे दाणे चिकटलेले. शत्रुघ्न बघतच राहिला. आणि आठवडाभराच्या सगळ्या गाठी त्याच्या डोक्यात एका झटक्यात सुटल्या. हवल्लीची पुडी म्हणजे शेंदूर! तिथल्या आपल्या लोकांच्या दुकानाशिवाय तो इथे मिळतो कुठे? जेवण टाकलं म्हणजे उपास! हुकाचं सांगायचं होतं म्हणजे, शेंदूर लावला तर चालेल ना, एवढंच विचारायचं होतं त्याला. पोरगा नर्मदेसाठी नवस बोलला असणार. आणि आपण? आपण त्याच्या पुडीत चोरीचा मसाला शोधत होतो.

त्याला लाज वाटली. जन्मात पहिल्यांदा आपल्या स्वभावाची लाज वाटली, आणि ती इतकी जोरात वाटली की गाडीखाली, कुणी बघत नसताना त्याचे कान तापले.

नियम त्याला पाठ होता. जोडावर काही असलं तर पुसायचं आणि वाजवायचं. फडकं हातात होतं. पण आजोबांच्या भट्टीत एक रीत होती: शेंदूर लागलेल्या लोखंडावर घण घालायचा नाही, ते देवाचं झालं. लहानपणी अशाच एका नांगराच्या फाळावर त्यानं खेळता खेळता हातोडी मारली होती, तर आजोबांनी त्याला भट्टीबाहेर उन्हात उभं केलं होतं. फडकं धरलेला हात त्यानं खाली घेतला. गोणपाटावर पडल्या पडल्या त्यानं हात जोडले, आणि बाहेर सरकला.

"पास," तो म्हणाला.

विजयनं मांडीवर थाप मारली. लवूच्या तोंडावरचं रक्त मात्र सरकन उतरलं. तो काहीतरी बोलणार होता, ओठ उघडलेही, पण विजयचा हात त्याच्या खांद्यावर पडला आणि बोटं रुतली. शत्रुघ्ननं हे सगळं बघितलं. बघितलं आणि त्याला वाटलं, पोरगा आनंदानं बधिर झालाय. संशय घेणाऱ्यानं एकदा विश्वास टाकायचा म्हटला, की तो असा आंधळेपणानं टाकतो. त्याला सवय कुठे असते मापात ठेवायची?

निळ्या गाडीची पाळी आली. साखळी अडकवली. इंजिन गुरगुरलं आणि घसरगाडा हलला. लोक ओरडत दोन्ही बाजूंनी पुढे धावले. त्यांच्यात एकटा लवू उलट्या दिशेनं धावत होता. हात पसरून माणसांना मागे लोटत होता, "मागे व्हा! पीछे, पीछे!" एका मल्याळ्यानं त्याला शिवी दिली. वजनाची पेटी पुढे सरकत होती. गाडीची पुढची चाकं हलकी झाली, उचलल्यासारखी झाली, आणि बंदूक सुटावी तसा आवाज आला. उजवी पट्टी जोडात तुटली, हूक तिच्यासकट सुटला आणि साखळीनं तो आडवा फेकला. लोक नव्हतेच तिथे, लवूनं हटवले होते. तो स्वतः मात्र तिथेच होता. हूक त्याच्या उजव्या हातावर बसला.

धूळ खाली बसेपर्यंत विजयनं हातात पट्टीचा तुकडा धरला होता आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होता, "बघा! जुनी भेग आहे ही! वरून वेल्डिंग मारून घासलीये, आणि शेंदूर फासून झाकलीये! माझ्या वेल्डरनं मलाच फसवलं!"

शत्रुघ्ननं तुकडा घेतला. तुटलेल्या काठावर अर्धं लोखंड गंजानं काळं होतं, म्हणजे भेग जुनीच. आणि वर तो शेंदूर, अजून तसाच ताजा. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. मग त्याचा जुना संशय वर आला, आणि आला तो व्याजासकट. शेंदरावर मी हातोडी मारणार नाही हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? लोहाराच्या घरच्यालाच! आणि तुटणार हे माहीत नसतं, तर हा माणसं मागे लोटायला कशाला धावला असता? सगळं जुळत होतं. इतकं नीट जुळत होतं, की तिथेच खरं म्हणजे त्याला संशय यायला हवा होता. पण तो दिवसच उलटा होता.

लवूला जाब्रियाच्या हॉस्पिटलात नेलं. शत्रुघ्न दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी गेला, तोही तब्येत विचारायला नव्हे, तर तोंडावर सांगायला, की नर्मदेचं नाव विसर.

वॉर्डात शामला नावाची नागपूरकडची नर्स होती. तिनं याचा चेहरा बघितला आणि दारातच अडवलं. "तुम्ही मेस्त्री का? सारखे विचारतात ते, मेस्त्री आले का म्हणून. हाताचं हाड सांधलंय, पण बोटांच्या शिरा तुटल्यात. त्यांना आम्ही अजून नीट सांगितलं नाही. जपून बोला."

लवूचा हात प्लास्टरमध्ये छातीवर ठेवलेला. बाहेर दिसणारी बोटं सुजून काळीनिळी झालेली. शत्रुघ्न उभाच राहिला.

"शेंदूर तूच लावलंस?"

"मीच," लवू म्हणाला.

"भेग आसा ह्या ठावक आसान?"

"ठावक आसान."

शत्रुघ्नच्या कपाळाची शीर उडायला लागली. "म्हणजे माका फसवलंस. माझ्या आज्याच्या रीतीवर पाय देवन..."

"फसवलंय?" लवूनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही, थकून. "अरे, ती पट्टी मोडीतल्या ट्रेलराची. मी विजयक सांगलंय, ही चलाची नाय. तो म्हणालो, भेग भर, घास, आणि तोंड उघडलंस तर तुझो आकामा रद्द करून घराक धाडतंय. मग मी तुझ्याकडे इलंय. तुया बोलूक दिलंस? परत इलंय, तर गादी उचलून गेलंस."

शत्रुघ्ननं खाटेची कड धरली.

"मग मी काय करू? जोड कोरो ठेवलंय आसतंय, तर वरचो भराव खणखणलो आसतो आणि तू एका टोल्यार फुडे गेलंस आसतंस. तुका थांबवचा म्हणान रंग लावलंय आसतंय, तर विजयन पुसून घेतल्यान आसतो. शेंदूर बघल्यान आणि खूश झालो, म्हणालो, ऱ्हवांदे, देवाचो आसा, कोण हात लावचो नाय. पण नियम काय? जोडार काय्यव आसला तर पुसूचा आणि वाजवचा. मी म्हटलंय, सगळो मुलूख शेंदराक हात जोडीत, पण शत्रू पुसतलो. शत्रू देवाच्या खोबऱ्याकय नख लावन बघता. तो देवाचोय संशय घेता." लवूनं डाव्या हातानं प्लास्टर धरलं. "सगळ्या जल्मात एकाच जाग्यार तुझ्या संशयाची गरज होती रे माका. थयंच कित्या नाय घेतलंस?"

शत्रुघ्न खाटेच्या कडेला बसला. त्यानं तोंडावर दोन्ही हात घेतले आणि तो रडला, मोठ्यानं, कोकणातली माणसं मयताला रडतात तसा. शामला धावत आली. लवू डाव्या हातानं त्याची पाठ थोपटत तिला म्हणाला, "काही नाही सिस्टर, माझ्या घरचेच आहेत."

तिथून शत्रुघ्न परस्पर साहेबाकडे गेला. विजयनं पट्टी कुठून आणवली ते सांगितलं, आणि जोड मी पुसला नाही, तो दोष माझा, हेही सांगितलं. मोडीच्या ढिगात त्या ट्रेलरचा उरलेला तुकडा सापडला, भेगेला भेग जुळली. विजय दुसऱ्या साइटवर गेला, मिशीसकट. गाड्यांची ओढ कायमची बंद झाली. शत्रुघ्ननं हातोडी साहेबाच्या टेबलावर ठेवली, ती परत घेतली नाही. पण एवढं करूनही लवूची बोटं काही मिटेनात, आणि वेल्डिंगचा होल्डर धरता येत नाही अशा वेल्डरचा आकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, कोण वाढवणार? त्याला घरी पाठवायचं ठरलं.

मग शत्रुघ्न टेपरेकॉर्डरसमोर बसला. त्यानं आईला सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, स्वतःचं तर मुळीच नाही. हात अधू राहणार हेही सांगितलं, आणि म्हणाला, "आता मी ठरवचंय नाय. नर्मदेक इचार." उलट कॅसेट आली. आईचं रडून झालं, कोंबड्या झाल्या, आणि मग नर्मदेचा आवाज आला, एवढाच: "दादा, हात ऱ्हवांदे. माणूस बरो आसा मां?"

शत्रुघ्ननं टेप मागे नेऊन ते परत ऐकलं. मग कोऱ्या कॅसेटवर तो एकच शब्द बोलला. "बरो."

लग्न मे महिन्यात झालं, दारात घातलेल्या माटवाखाली. बापाच्या जागी शत्रुघ्न बसला. भटजींनी सांगितलं तशी त्यानं नर्मदेची ओंजळ लवूच्या ओंजळीत ठेवली. लवूचा डावा हात मिटला. उजव्याची बोटं ताठ राहिली. शत्रुघ्न त्या बोटांकडे बघत राहिला, त्याला दुसरं काही दिसेना. तेवढ्यात नर्मदेनं आपलीच बोटं त्या हाताभोवती मिटली.

"सोडा पाणी," भटजी म्हणाले.

लवू वाकला आणि फक्त शत्रुघ्नला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाजवन बघ एकदा. मगे सोड."

शत्रुघ्ननं 'नको' म्हणून मान हलवली आणि पाणी सोडलं. पण नजर त्या दोघांच्या हातांवर होती, त्यामुळे निम्मं पाणी भटजींच्या सोवळ्यावर गेलं.